यंत्रावर सतरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोहिमेत काम करणाऱ्या प्रत्येकाने नोंदी ठेवा. त्यांना आकड्यांच्या नोंदी हव्या आहेत, पण मला आकड्यांवर थांबता येत नाही.

डॉक्टरबाई आमच्या कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात असतात. आवारातली सिगारेट बंद व्हावी म्हणून त्यांनी ही मोहीम काढलीय. आम्ही चौदा स्वयंसेवक. त्यातले सहा हजेरी भरून निघेल म्हणून आलेले, तोंडावरून कळतं. आमचा प्रमुख तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात, कशाचा ते कुणालाच माहीत नाही. माझ्या जोडीला एक लांबलचक मुलगा दिलाय, त्याचं नाव खांब पडलंय. तीन तासांत तो चार वाक्यं बोलला, त्यातली दोन 'हं' होती.

प्रत्येकाने आपण का आलो ते सांगायचं होतं. मी बाबांची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवसांनी ते घरी आले आणि चौथ्याच दिवशी मला कपाटात सिगारेटचं पाकीट सापडलं. मी दहा वर्षांची होते. पाकीट बादलीत बुडवलं, लगदा झाला तो बाबांच्या समोर नेऊन ठेवला आणि म्हणाले, आता ओढा. बाबांनी कान पकडले. तेव्हापासून आमच्या घरात सिगारेट नाही.

टाळ्या पडल्या. कॅप्टन म्हणाला, "ही गोष्ट स्टेजवर पाहिजे. एकवीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे."

तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये.

५ नोव्हेंबर, बुधवार

वर्कशॉपच्या मागे जनरेटरची पत्र्याची शेड आहे, तिथे ओढणारे जमतात. मी साठ पत्रकं वाटली. दोघांनी होड्या केल्या. एकाने पत्रकाची घडी घालून डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली सारली आणि म्हणाला, "बघ, उपयोग झाला." मला आता तिथे 'हवालदार' म्हणतात.

खांब एका मुलाशेजारी बसला आणि विचारलं, "सकाळची पहिली कितीला?" तो मुलगा वीस मिनिटं बोलत राहिला. परीक्षा, खोलीतला जोडीदार, वडिलांचा फोन, काय काय. खांब नुसता ऐकत होता. शेवटी पत्रकसुद्धा दिलं नाही.

मी साठ, तो शून्य. असा वेळ घालवून मोहीम होते का?

६ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्र आलं. फोनएवढंच आहे, वर पुठ्ठ्याची नळी लावायची. पंधरा सेकंद श्वास धरायचा आणि मग हळूहळू सगळा सोडायचा. सिगारेटमधला विषारी वायू श्वासात किती आहे त्याचा आकडा येतो. सहाच्या आत असेल तर माणूस ओढत नाही. दहाच्या वर गेला तर बहुतेक ओढतो. शेडमधल्या होडीवाल्याचा आकडा एकतीस आला. त्याने तो दोनदा वाचला. पत्रकांनी जे झालं नाही ते आकड्याने केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सरावासाठी यंत्र घरी आणलं. डॉक्टरबाईंना विचारून.

माझा आकडा एक. बाबांचा दोन. नऊ वर्षांचं फळ ते. मी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

आई गच्चीवरून कपडे घेऊन खाली आली. ती वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. लाइट गेले की अख्खं शहर तिच्या कानात ओरडतं. म्हणून घरी आली की आधी गच्चीवर जाते, कपडे असोत नसोत. म्हणते, जरा कान धुऊन येते. आज शनिवार, अर्धा दिवस, तरी गेलीच.

"आई, फुंक."

"मला कामं आहेत गं."

"राहू दे, दमलीय ती," बाबा म्हणाले.

मी कसली ऐकतेय. नळी तिच्या तोंडाशीच धरली. पंधरा सेकंद धरवेना तिला, आठव्यालाच सोडला. आकडा चढत गेला आणि सतरावर थांबला.

आई हसून म्हणाली, "सतरा म्हणजे पास की नापास?"

"यंत्र बिघडलंय तुझं," बाबा म्हणाले.

मी परत फुंकलं. एक. बाबांना फुंकायला लावलं. दोन. यंत्र ठीक आहे. म्हणजे एकच कारण. शेगडी. स्वयंपाकघरात तीच उभी असते ना. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, आईला आत पाऊल टाकू दिलं नाही. नशीब, वेळेत कळलं. बाबांनी विजेच्या किटलीत अंडी उकडली, तीही फुटली.

९ नोव्हेंबर, रविवार

गॅसचा मेकॅनिक आला. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला, नळी बदलली, ज्योत निळी आहे ते मला वाकून दाखवलं. "शेगडी ठणठणीत आहे," म्हणाला.

मी त्याला आईचा आकडा सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग बराच वेळ हात पुसत बसला.

"ताई, मी शेगडीचं सांगू शकतो. पुढचं माझ्या खात्यात येत नाही."

धड उत्तर न देणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहिला. आईने त्याला दोनदा चहा दिला. जुनी ओळख असल्यासारखी ती त्याला जिन्यापर्यंत सोडायलाही गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरबाईंना विचारलं, शेगडी ठीक असताना सतरा कशाने येतो?

"ओढणाऱ्याचा येतो. बंद खोलीत ओढणाऱ्याजवळ तासन्‌तास बसलं तरी थोडा वाढतो. कुणाचा आहे?"

"शेजारच्या काकूंचा," मी म्हणाले. का म्हणाले कळत नाही.

घरी येताना वाटेत पाय थांबले. शनिवारी आईचा अर्धा दिवस. बाबांचं चष्म्याचं दुकानही शनिवारी दुपारी बंद. मी कॉलेजात. दोघंच घरात. आणि परवा "यंत्र बिघडलंय" असं कोण म्हणालं? "राहू दे" कोण म्हणालं?

त्यांचा आकडा दोन आला ते मात्र बसत नाही. फुंकताना काही चलाखी केली असेल. त्यांना यंत्रातलं कळतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात शोधून काही सापडलं नाही, म्हणून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे रंगाचा जुना डबा आहे. त्यात वाळू. वाळूत थोटकं. मोजली नाहीत.

डबा घेऊन खाली आले. बाबा टेबलाशी बसून कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू बसवत होते. डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"हे कोणाचं?"

त्यांनी डब्यात पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आई तिथे उभी होती, मागे नळ चालू.

"माझं," बाबा म्हणाले.

इतकं सहज. मी भांडायची तयारी करून आले होते, पुरावे, तारखा, सगळं.

"ठमे, ऐक," आई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्याच छातीत जातंय ते."

"अगं पण..."

"तू गप्प बस," बाबा आईला म्हणाले. आयुष्यात त्यांना आईशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस बाबांशी बोलले नाही. त्यांनी माझ्या चष्म्याची सैल झालेली काडी न सांगता घट्ट करून ठेवली. मी आभार मानले नाहीत.

आईचं काहीतरी बिनसलंय. दूध दोनदा उतू गेलं, माझ्यावर उगाच खेकसली. दुपारी त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आईचा आवाज आला, "असं किती दिवस?" मग बाबांचा, "ते तुझं तू ठरव. माझ्या तोंडून जाणार नाही."

बिचारी. इतकी वर्षं त्यांना सांभाळून घेतलं, आता तिलाही सहन होत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कॅप्टनला सांगितलं की माझी गोष्ट खोटी ठरली, स्टेजवरून माझं नाव काढ. तो उलट उठून उभा राहिला. "वेडी आहेस का? आता तर ती जास्त भारी झाली."

अंगाचा तिळपापड झाला. पण घरी येईपर्यंत पहिली चार वाक्यं डोक्यात तयार होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. चांगली वाक्यं होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या कार्यक्रम. भाषण अकरा वेळा वाचून झालं. गच्ची ते दार, दार ते गच्ची, फेऱ्या घालतेय. खालच्या आजोबांनी छताला काठी आपटली.

आईला सांगितलं मी काय बोलणार आहे ते.

"बाबांबद्दल? सगळ्यांसमोर?"

"नाव थोडंच घेणार आहे."

"नको बोलूस, ठमे."

"का नको? नऊ वर्षं बनवलं त्यांनी मला. तुला काहीच वाटत नाही?"

ती हात मांडीवर ठेवून बसली. नखाने नख खरवडत राहिली. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "मी येऊ का उद्या ऐकायला? रजा टाकते."

मला इतका आनंद झाला. निदान एक जण तरी माझ्या बाजूने आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलले. सभागृह भरलं होतं, शेडमधली टोळीसुद्धा मागे उभी होती. "ज्या माणसासाठी मी दहाव्या वर्षी सिगारेटचं पाकीट बादलीत बुडवलं, त्याने मला नऊ वर्षं हसत हसत फसवलं," इथे आले तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला माझाच आवाज आवडला. शेवटी टाळ्या थांबेनात.

आईला शोधलं. पाचव्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी होती.

बाहेर खांब टेबलावर यंत्र घेऊन बसला होता. लोक फुंकत होते आणि फॉर्म भरत होते. त्याला विचारलं, आई दिसली का? त्याने आईला आधी पाहिलंय, एकदा डबा द्यायला आली होती.

"गेल्या त्या," तो म्हणाला. जरा थांबून, "तू आज घरी लवकर जा."

"भाषण कसं झालं?"

"मी बाहेर होतो."

सगळे कौतुक करतायत आणि याचं हे. कॅप्टनबरोबर सगळे खायला गेले, मीही गेले. घरी आले तेव्हा आई पडली होती, डोकं दुखतंय म्हणाली. बाबांनी विचारलं, "झालं का चांगलं?" मी मान हलवली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आरोग्यकेंद्रात कालचे फॉर्म संगणकात भरत होते. फॉर्मवर नाव नसतं, नुसता क्रमांक. म्हणून तर लोक खरं लिहितात. एकशे बाराव्या फॉर्मवर आले. वय एकोणपन्नास. स्त्री. काम, फोनवर तक्रारी घेणे. आकडा, बावीस. किती वर्षं, नऊ. दिवसाला, चार, कधी सहा. सोडण्याचा प्रयत्न किती वेळा, सहा. घरी कुणाला माहीत आहे, नवऱ्याला.

'नवऱ्याला'मधला 'ऱ्या' आई जसा काढते तसा कुणीच काढत नाही. लहानपणी माझ्या वह्यांवर तिनेच नावं घातली आहेत.

शेवटचा प्रश्न होता, सोडावीशी का वाटते? तिथे आधी काहीतरी लिहून खोडलेलं. खाली, 'मुलगी चुकीच्या माणसावर रागावली आहे.'

खांब समोर बसला होता. काल तो फॉर्म त्यानेच घेतला असणार. त्याने वर पाहिलं नाही. मी बावीस हा आकडा भरला, नऊ भरला, चार भरला. दुसरं काय करणार होते? मग उठले आणि बाबांच्या दुकानात गेले.

गिऱ्हाईक होतं. भिंतीवरची अक्षरं वाचत होतं, मोठी, मग लहान, मग अजून लहान. ते जाईपर्यंत उभी राहिले.

"बाबा, तो डबा तुमचा नव्हता."

त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं?"

"फॉर्मने."

"हं." ते काच पुसत राहिले. "बस."

"तुम्ही का नाही बोललात? मी काल चारशे लोकांसमोर..."

"ऐकलं. आईने सांगितलं. चांगलं बोलतेस म्हणाली."

"बाबा."

"अगं, मी सांगितलं असतं तर तिने सोडली नसती, अजून चांगली लपवली असती. मी वीस वर्षं ओढलीय, मला ठाऊक आहे. तिचं तिला बोलता यायला हवं होतं. आणि तुझा राग काय, मला झेपतो. तिला नसता झेपला."

मला रडू आलं. ते गल्ल्यामागून बाहेर आले नाहीत, नुसता पाण्याचा पेला सरकवला. दारात पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आई स्वतःच माझ्या खोलीत आली. दारात उभी राहिली, बस म्हटल्यावर बसली.

"तुझे बाबा आत होते, तू मावशीकडे. मी अकरा दिवस हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर. तिथे एक सफाईवाली बसायची. तिसऱ्या दिवशी तिने न विचारता एक पुढे केली. इतक्या दिवसांत मला कुणी काही दिलेलं नव्हतं, सगळे विचारतच होते, कसे आहेत, पुढे काय. मी घेतली. यांची सुटली आणि मला लागली."

एक गोष्ट मनात टोचत होती, विचारावं की नको.

"आई, मी बादलीत बुडवलं ते पाकीट?"

तिने खिडकीकडे पाहिलं. "माझं होतं. यांनी हॉस्पिटलातच सोडली होती, डॉक्टरांनी दम भरल्यावर. तू तो लगदा घेऊन यांच्यासमोर गेलीस, आणि यांनी माझ्याकडे बघत कान पकडले. मग तू इतकी खूश होतीस. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलंस. मग मावशीला. मग सगळ्यांना."

म्हणजे मी कुणालाही सोडायला लावली नाही. नऊ वर्षं मी जे सांगत फिरले ते झालंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं.

"माझा राग येतोय?" आईने विचारलं.

"हो."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि उठली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कॅप्टन म्हणाला, शेजारच्या कॉलेजने बोलावलंय, एकवीस तारखेचं भाषण तिथे कर. मी सांगितलं, ते चुकीचं होतं, ओढणारे बाबा नव्हते. कोण ते त्याने लगेच ओळखलं. डोळे चमकले त्याचे. "हवालदार, ही तर सगळ्यात भारी गोष्ट आहे."

मला राग आला पाहिजे होता. पण घरी येऊन मी दोन पानं लिहिली. पायऱ्या, सफाईवाली, बादली. एका दमात. लिहिताना पाय जमिनीवर ठरत नव्हते. मग ती पानं आईसमोर ठेवली.

तिने दोन्ही वाचली. एका जागी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. "छान लिहिलंस," म्हणाली. "पण मी तो फॉर्म नाव नव्हतं म्हणून भरला."

कॅप्टनला नाही म्हणून कळवलं. तो म्हणतो, मी मोहिमेचं नुकसान केलं. कदाचित केलंही असेल. बाबांच्या बाबतीतली माझी चूक तरी भरून काढायला हवी होती, म्हणून पुढच्या कार्यक्रमात उभी राहून 'मी चुकीचं बोलले होते, माझे बाबा खोटे नाहीत' एवढं सांगायचं ठरवलं. कारण सांगणार नाही. लोक काय समजायचं ते समजोत.

२ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. आठ सेकंद लागले. टाळ्या नाहीत. खांब मागच्या भिंतीला टेकून उभा होता, या वेळी आत होता.

आई डॉक्टरबाईंकडे येणार नाही म्हणाली, तुझ्या कॉलेजात नको. तिच्या ऑफिसजवळ सिगारेट सोडवायचं केंद्र आहे, तिथे ती आणि बाबा गेले. आजचा पहिला दिवस. संध्याकाळी कपडे आणायला बाबा गच्चीवर गेले. आई घरभर फिरत होती, कपाटं लावत होती, लावलेली परत काढत होती. माझा स्वभाव कुणावर गेलाय ते आज कळलं.

६ डिसेंबर, शनिवार

पाचवा दिवस. तिने बाबांसमोर ताट आपटलं, माझ्या केसांवरून बोलली, मग माफी मागितली, मग परत बोलली. मला शेडमध्ये वाटलेली सगळी पत्रकं आठवतात. 'आजच सोडा', केवढ्या मोठ्या अक्षरात.

आता मी खांबाबरोबर टेबलावर बसते. आज एका प्रयोगशाळेतल्या बाईंना मी विचारलं, पहिली कितीला? त्या बोलायला लागल्या. मला चार वेळा मध्ये बोलावंसं वाटलं. जीभ चावली.

११ डिसेंबर, गुरुवार

मी टेबलाशी अभ्यास करत होते. आई ऑफिसातून आली, पर्स खुंटीला लावली, चपला नीट ठेवल्या, आणि तशीच माझ्यासमोर येऊन बसली.

"आज एक ओढली."

नऊ दिवस झाले होते. मी तारखा मोजत होते, तिला न सांगता.

"का?" हा प्रश्न तोंडून गेलाच.

"का काय. तीनपासून अर्ध्या शहराचे लाइट गेले होते. एका माणसाने चाळीस मिनिटं शिव्या दिल्या. मागच्या जिन्यात गेले, तिथे एका जणीकडे होती."

मला राग आला. नऊ दिवस, ताट, कपाटं, सगळं धुरात. मी तो दाखवला नाही. मग दाखवला. वही बंद केली जोरात.

"आता परत पहिल्यापासून ना?"

"हो. पहिल्यापासून."

"मग मला कशाला सांगितलंस? मला कळलंही नसतं."

"म्हणूनच."

आतून बाबांचा आवाज आला, चहा टाकू का म्हणून. आमच्या उत्तराआधीच भांड्याचा आवाज आला. आईच्या हातांना धुराचा वास येत होता. तिने ते टेबलाखाली नेले नाहीत, तिथेच ठेवले, माझ्या वहीशेजारी.

"आत्ता हवीशी वाटतेय?" मी विचारलं.

"खूप."

"किती वेळ टिकतं असं?"

"दहा मिनिटं. कधी जास्त."

मला खूप काही सांगायचं होतं. मी घड्याळात पाहिलं, सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि बसून राहिले.